एका दिवसांत चार उद्यानें

अमेरिकेस मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहून आलेले आईवडील पुण्यामुंबईंत आतां घरोघरीं भेटतात. त्यांच्या प्रवासवर्णनांत नायगारा असतो, न्यूयॉर्क असतें, आणि बहुधा फ्लॉरिडा संस्थानांतील ऑरलँडो हें शहरही असतें. पहिल्या दोहोंविषयीं ते उत्साहानें बोलतात. ऑरलँडोचें नांव निघालें कीं मात्र आधीं पायांची हकीकत सुरू होते. "चारी ठिकाणें एका दिवसांत केलीं" हें सांगतांना स्वरांत अभिमान असतो; पण त्या चार ठिकाणीं पाहिलें काय, असें विचारल्यास उत्तरांत रांगाच अधिक येतात. असें कां होतें, आणि तें टाळून एका दिवसांत एकाहून अधिक क्रीडोद्यानें समाधानानें कशीं पाहतां येतील, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

थीम पार्क या नांवानें ओळखलें जाणारें हें उद्यान म्हणजे आपल्या जत्रेंतील पाळण्यांचें धनाढ्य भावंडच. परंतु जत्रेंत पाळण्याशेजारीं पाळणा, एवढीच मांडणी असते. येथें एखादी कल्पना घेऊन तिच्याभोंवतीं रस्ते, इमारती, डोंगर, नद्या, खाद्यपदार्थ, फार काय, झाडूवाल्याचा पोशाखसुद्धां बेतलेला असतो. या प्रकारास आजचें रूप आलें तें १९५५ सालीं, वॉल्ट डिस्ने यांनीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडलें तेव्हां. पुढें फ्लॉरिडांत त्यांनीं त्याहून कितीतरी मोठा बेत योजिला. तो पुरा होण्यापूर्वींच, १९६६ मध्यें, ते निवर्तले, आणि त्यांचे वडील बंधु रॉय यांनीं १ ऑक्टोबर १९७१ रोजीं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड लोकांस खुलें केलें. आज तेथें चार मोठीं उद्यानें आहेत. मॅजिक किंगडम हें मूळचें. एपकॉट १९८२ मध्यें, हॉलिवुड स्टुडिओज १९८९ मध्यें, आणि अ‍ॅनिमल किंगडम १९९८ मध्यें त्यांत भर पडलें. हा सारा परिसर सुमारें २५,००० एकरांचा आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. कॅलिफोर्नियांत डिस्नेचीं दोन उद्यानें समोरासमोर आहेत; या द्वारांतून निघून त्या द्वारांत शिरावयास दोन-चार मिनिटें पुरतात. तेथें अनुभव घेतलेला गृहस्थ फ्लॉरिडांत तोच हिशेब करूं लागला कीं फसतो, कारण येथें एका उद्यानापासून दुसरें कांहीं मैलांवर आहे.

एका दिवसांत कितीही उद्यानांत जाण्याची परवानगी देणारें एक जादा किंमतीचें तिकीट मिळतें. त्याला पार्क हॉपर म्हणतात. २०२१ पासून तीन वर्षें या तिकिटावर दुपारीं दोननंतरच दुसऱ्या उद्यानांत जातां येत असे. जानेवारी २०२४ पासून ती अट उठली आहे. साधें एका उद्यानाचें एका दिवसाचें तिकीटच माणशीं शंभर डॉलरांच्या वर असतें, मग सहा माणसांच्या कुटुंबास एक दिवस काय भावानें पडतो हें मीं सांगावयास नको. इतकें मोल देऊन घेतलेला दिवस वसूल करावा असें प्रत्येकास वाटणें स्वाभाविक आहे. या वसुलीच्या कल्पनेंतच गोम आहे.

या तिकिटावर उद्यानें चार मिळतात, परंतु सकाळ एकच मिळते. माझ्या मतें सगळें गणित या ठिकाणीं आहे.

रांगांचें शास्त्र शंभर वर्षांहून जुनें आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एरलांग या गणितज्ञानें टेलिफोनच्या मागण्या कशा येतात याविषयींचा आपला लेख १९०९ मध्यें प्रसिद्ध केला, तेथून त्याचा आरंभ धरतात. पुढें १९६१ मध्यें जॉन लिटल यांनीं एका साध्या दिसणाऱ्या नियमाची सिद्धता दिली. रांगेंत सरासरीनें किती माणसें असतात, तर तासाला जितकीं येतात त्यांस प्रत्येकास लागणाऱ्या वेळानें गुणावें तितकीं. हा नियम उलटा वाचला कीं आपल्या कामाचा होतो. समजा, एखाद्या खेळांत तासाला १,२०० माणसें बसूं शकतात, आणि सकाळीं नऊपासून तासाला १,५०० माणसें दाराशीं येऊं लागलीं. दर तासास ३०० माणसें मागें उरतील. नऊ वाजून पांच मिनिटांनीं आलेल्यास एक-दोन मिनिटें थांबावें लागेल. बारा वाजतां आलेल्याच्या पुढें ९०० माणसें असतील, म्हणजे त्याला पाऊण तास उभें राहणें आलें. खेळ तोच आणि तिकिटाचा दामही तोच. केवळ तीन तासांच्या अंतरानें एकास खेळ मिळाला आणि दुसऱ्यास मुख्यतः रांग मिळाली. सायंकाळीं येणारे कमी होतात तेव्हांच ही तुंबलेली गर्दी हळूहळू ओसरते. अर्थात् उद्यानांतील स्वस्त तास दोन टोंकांस असतात. पहिला दीड-दोन तासांचा काळ, आणि बंद होण्यापूर्वींचा शेवटचा. मधले तास महाग. दुपारीं बारा वाजतां दुसऱ्या उद्यानांत गेल्यानें तेथील सकाळ आपल्याला मिळत नाहीं. तेथेंही बाराच वाजलेले असतात!

यावर उपाय म्हणून पैसे भरून घ्यावयाची एक वेगळी रांग आहे. १९९९ पासून फास्टपास नांवानें ही सोय विनामूल्य मिळत असे. ती पुढें बंद झाली, आणि आतां लाइटनिंग लेन या नांवानें ती विकत घ्यावी लागते. पंढरपुरास आषाढींत पदस्पर्शदर्शनाची बारी निराळी आणि मुखदर्शनाची निराळी असते, हें आपणांस ठाऊक आहे. पण तेथें दोन बाऱ्यांचें फळही निराळें असतें. येथें दोन्ही रांगा एकाच आसनावर येऊन पोंचतात, आणि म्हणून एकीची घाई दुसरीच्या मुळावर येते. वरच्या उदाहरणांतील १,२०० जागांपैकीं ८०० जर पैसे भरणारांस दिल्या, तर साध्या रांगेस ४०० उरतात. मग पुढें २०० माणसें दिसलीं तर दहा मिनिटांत आटोपेल असें वाटतें, आणि प्रत्यक्षांत अर्धा तास जातो. साध्या रांगेची लांबी डोळ्यांनीं मोजूं नये तें याकरितां. दारावर वेळेची पाटी असते, तिच्यावर भरंवसा ठेवावा.

या पासाची व्यवस्था अशी कीं, एकाच उद्यानांतील तीन खेळांच्या वेळा आगाऊ ठरवितां येतात. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरणारांस सात दिवस आधीं, इतरांस तीन दिवस आधीं. त्यांतील एक वापरला कीं आणखी एक घेतां येतो, आणि तो दुसऱ्या उद्यानांतलाही चालतो. बहुतेक मंडळी पहिले तीन पास सकाळच्या उद्यानासाठीं घेतात. हा मला शुद्ध अपव्यय वाटतो. सकाळीं रांग नसतांना रांग चुकविण्याचे पैसे कां द्यावे? ते तीन पास दुपारच्या उद्यानाकरितां राखावे, म्हणजे दिवसाचे महाग तास थोडे स्वस्त होतात.

आतां एका उद्यानांतून दुसऱ्यांत जाण्याचा खर्च पाहूं. खेळापासून उद्यानाच्या दारापर्यंत चालणें, बसची वाट पाहणें, बसचा प्रवास, पिशव्यांची तपासणी, तिकिटाचें यंत्र, आणि नव्या उद्यानांत पुन्हां चालणें. सगळें मिळून एक तास धरावा, कमी धरूं नये. सकाळीं आठ ते रात्रीं दहा या चौदा तासांतून चार उद्यानांसाठीं अशीं तीन स्थलांतरें आणि जेवणाखाण्याचे दोन तास वजा केले कीं नऊ तास उरतात. एकेका खेळास चालणें-थांबणें धरून पाऊण तास लागला तर बारा खेळ होतील. दोनच उद्यानें घेतलीं तर अकरा तास उरून चौदा खेळ सहज होतील. उद्यानें वाढलीं तसे खेळ घटले. म्हणून अधिक खेळ हवे असतील तर एका उद्यानाबाहेर पडूंच नये. अनेक उद्यानें पाहावयाचीं तीं वैविध्यासाठीं. प्रत्येकाचा जो चांगला प्रहर असेल त्या प्रहरीं तेथें असावें म्हणून.

आणि असा प्रहर खरोखरच प्रत्येकाला आहे. अ‍ॅनिमल किंगडम बहुधा सर्वांच्या आधीं उघडतें आणि सर्वांच्या आधीं मिटतें. तेथें उघड्या मोटारींतून आफ्रिकेच्या माळरानासारख्या विस्तीर्ण जागेंत जिराफ, हत्ती, सिंह पाहावयास नेतात. ऊन चढण्यापूर्वीं जनावरें हिंडतांना दिसण्याचा संभव अधिक. याच उद्यानांत आनंदपूर नांवाचें एक कल्पित आशियाई राज्य वसविलें आहे. तेथील पडक्या राजवाड्याच्या भिंतींआडून वाघ पाहतांना आपल्याकडच्या माणसास थोडें हसूं येतें. पण तें काम मोठ्या आस्थेनें केलेलें आहे, हें कबूल केलें पाहिजे. २०१७ पासून असलेला अवतार चित्रपटावरील उड्डाणाचा खेळ पाहावयाचा असेल तर दार उघडतांच तिकडेच जावें, मग माळरान.

एपकॉटचा प्रहर संध्याकाळ. तेथें एका तळ्याभोंवतीं अकरा राष्ट्रांचीं दालनें आहेत. मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत फेरी सव्वा मैलाच्या आसपास होते. हिंदुस्थान त्या अकरांत नाहीं. हा भाग बहुधा अकरा वाजेपर्यंत उघडतच नाहीं, मग सकाळीं धांवत येऊन उपयोग काय? दिवे लागल्यावर हिंडत, थोडें खात, तळ्यावरचें दारूकाम पाहण्याची ती जागा आहे. मॅजिक किंगडमला सकाळही शोभते आणि रात्रही. दुपार मात्र नाहीं. उरलें हॉलिवुड स्टुडिओज. त्याचे मोठे खेळ पुष्कळ आणि रांगा कडक, परंतु तेथें बसून पाहावयाचे नाट्यप्रयोगही आहेत. दुपारीं कुठें जावयाचेंच असेल तर तेथें जावें, आणि राखून ठेवलेले तीन पास तेथें खर्चावे.

यावरून धडधाकट तरुण मंडळींसाठीं चारी उद्यानांचा मार्ग आपोआप जुळतो. पहाटे अ‍ॅनिमल किंगडम. साडेदहाच्या सुमारास बसनें हॉलिवुड स्टुडिओज. तेथून चारच्या पुढें हवेंतून तारेवर चालणाऱ्या पाळण्यांनीं एपकॉट. आणि शेवटीं एपकॉटच्या मोठ्या द्वारापासून मोनोरेलनें, मध्यें एकदां गाडी बदलून, मॅजिक किंगडम. तारेवरची ही वाहतूक २०१९ पासून सुरू आहे. ती एपकॉटच्या मागल्या दाराशीं सोडते आणि मोनोरेल पुढल्या दाराशीं मिळते, म्हणून तळ्याच्या फेरीचा कांहीं भाग वाटेंतच होऊन जातो. या मार्गांत मागें फिरणें कोठेंही नाहीं, हा त्याचा गुण. डिस्नेच्या हॉटेलांत मुक्काम असेल तर चारही उद्यानांत अर्धा तास आधीं प्रवेश मिळतो. तो पहिल्या उद्यानांत वापरावा आणि बाकीच्यांचा विसर पाडावा. स्वतःची मोटार मात्र त्या दिवशीं नेऊं नये. ती सकाळच्या ठिकाणीं उभी राहते, आणि आपण रात्रीं कांहीं मैल दूर असतों. प्रत्येक दिवशींच्या वेळा वेगळ्या असतात, त्या आधल्या रात्रीं पाहून मग घड्याळ लावावें.

परंतु आपल्याकडून जाणारें कुटुंब बहुधा तीन पिढ्यांचें असतें, आणि तेथें हा मार्ग चालत नाहीं. नातवाला उड्या मारावयाच्या असतात, आजींना गुडघे असतात, आणि मधल्या पिढीस दोघांचीं मनें राखावयाचीं असतात. अशा घरानें दोनच उद्यानें घ्यावीं, असें माझें स्पष्ट मत आहे. सकाळीं मॅजिक किंगडम, संध्याकाळीं एपकॉट. दोहोंमध्यें मोनोरेल असल्यामुळें बसच्या पायऱ्या चढणें-उतरणें वांचतें. दुपारीं एक ते चार हा वेळ सरळ सोडून द्यावा. मुक्कामीं जाऊन आडवें व्हावें. मुक्काम दूर असेल तर एपकॉटमध्यें थंड हवेच्या जागा शोधाव्या. तेथें एक संथ बोट आहे, ती आधुनिक शेतीच्या कांचगृहांतून नेते. मुलांना ती विशेष वाटत नाहीं, पण भाज्या कशा वाढवितात हें पाहण्यांत आजोबा रमतात. फ्लॉरिडाच्या उन्हाळ्यांत दुपारीं वळवासारखा गडगडाटी पाऊस पुष्कळदां येतो. वीज चमकूं लागली कीं उघड्यावरचे खेळ थांबवितात. त्या तासांत छपराखालीं असणारा माणूस दोन्हींकडून फायद्यांत राहतो.

वृद्धांसाठीं चाकांची खुर्ची भाड्यानें मिळते. ती घेण्यास पुष्कळ मंडळी संकोचतात, जणूं ती आजाऱ्याची खूण आहे. घरीं बाजारापर्यंत चालत जाणारास येथें दिवसांत आठ-दहा मैल चालावें लागतें, हें संकोच करणाऱ्यांनीं विचारांत घ्यावें. भाड्याची पावती जपून ठेवली म्हणजे त्याच दिवशीं दुसऱ्या उद्यानांत दुसरी खुर्ची मिळते. मुलांच्या बाबतींत उंची हा कायदा आहे. अवताराच्या उड्डाणास ४४ इंच लागतात, मॅजिक किंगडममधील सात बुटक्यांच्या खाणींतील गाडीस ३८ इंच. मूल घरींच मोजून न्यावें. तासभर उभें राहून दाराशीं काठीनें मोजल्यावर परत फिरविलेल्या पांच वर्षांच्या मुलाची समजूत काढण्याचें काम कोणत्याही रांगेहून लांब असतें. लहान मुलाजवळ एक पालक थांबला आणि दुसरा आंत गेला, तर तो परत आल्यावर थांबलेल्यास पुन्हां संबंध रांग धरावी लागत नाहीं. ही सोय विचारल्याशिवाय कोणी सांगत नाहीं, म्हणून मुद्दाम सांगितली.

जेवणाची वेळ ही रांगेइतकीच महत्त्वाची. बारा ते दोन सगळें जग जेवतें. आपण साडेदहाला अल्पाहार आणि अडीचला जेवण ठेवलें तर दोन्हीं वेळां जागा मिळते. घरचे पदार्थ आंत नेण्यास मनाई नाहीं, केवळ कांचेचीं भांडीं चालत नाहींत. थालीपिठाची चळत आणि दशम्या नेणाऱ्यांस कोणी हटकीत नाहीं. पिण्याचें थंड पाणी उपहारगृहांच्या खिडकीशीं मागितल्यास पेल्यांतून फुकट देतात.

एक गोष्ट मात्र आधल्या रात्रीं घरच्या टेबलाशीं बसून व्हावी. प्रत्येकानें एकच खेळ किंवा एकच जागा सांगावी, जी चुकली तर दिवस फुकट गेला असें त्याला वाटेल. सहा माणसें असतील तर सहा नांवें होतील; कांहीं एकमेकांवर पडतील, तेव्हां चार-पांच उरतील. तेवढींच पक्कीं धरावीं, त्यांस सकाळचा, पासाचा किंवा रात्रीचा स्वस्त वेळ वांटून द्यावा, आणि बाकी जें पदरीं पडेल तें. आजोबांनीं "मला कांहीं नको" असें म्हटलें तर तें मान्य करूं नये; त्यांच्याकडूनही एक नांव वदवून घ्यावें. वडील माणसांनीं मुलांसाठीं दिवसभर पिशव्या सांभाळल्या आणि आपलें कांहींच पाहिलें नाहीं, हें तेथें फार घडतें. आणि त्याचा सल कित्येक महिन्यांनीं, भलत्याच विषयावरील बोलण्यांत, बाहेर पडतो.

रात्रीचा शेवटचा भाग ज्यांनीं मॅजिक किंगडमसाठीं राखला असेल त्यांना दोन बारीक गोष्टी सांगतों. राजवाड्यावरचें दारूकाम सुरू झालें कीं निम्मी गर्दी चौकांत मान वर करून उभी राहते, आणि त्या वेळीं मागल्या बाजूच्या खेळांच्या रांगा आंखडतात. दारूकाम एपकॉटला पाहिलें असेल तर येथें तें सोडण्यास हरकत नाहीं. दुसरें असें कीं, बंद होण्याच्या वेळेपूर्वीं जो रांगेंत उभा राहिला त्याला खेळ मिळतो. म्हणून आपला सर्वांत आवडता खेळ शेवटच्या दहा मिनिटांसाठीं ठेवावा. त्यानंतर बाहेर पडण्याची चेंगराचेंगर असते, तींत शिरूं नये. दुकानें कांहीं वेळ उघडीं असतात. बांकावर बसावें, मुलांचे बूट सैल करावे. हें उद्यान मुद्दामच तलावापलीकडे बांधलेलें असल्यामुळें परतीस पुष्कळांस मोनोरेल किंवा मोठी बोट धरावी लागते. मोनोरेलची रांग लांब असेल तर बोट बरी, तींत एका वेळीं पुष्कळ माणसें मावतात. टॅक्सी मात्र पैलतीरास उतरल्यावरच बोलवावी. तलावाच्या या बाजूस ती येत नाहीं.